बाहुलीचा रकाना काढू नका : अतिदक्षता विभाग चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
अतिदक्षता विभागप्रमुख, न्यूरोसर्जरीचे वरिष्ठ डॉक्टर, परिचर्या अधीक्षक आणि रुग्णालय व्यवस्थापन यांस,

सन्माननीय सर आणि मॅडम,

मी परिचारिका आहे. बावीस वर्षं न्यूरोसर्जरीच्या अतिदक्षता विभागात काम करते आहे आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं रात्रपाळीत गेली आहेत. गेल्या आठवड्यात आमच्या विभागात एक परिपत्रक लागलं. डोक्याला मार लागून बेशुद्ध असलेल्या रुग्णांचा न्यूरो चार्ट बदलणार आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात तपासणी दर तासाऐवजी दर चार तासांनी होणार. रुग्ण किती शुद्धीवर आहे हे मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलचे (जीसीएस) तीन भाग वेगवेगळे लिहायचे नाहीत, फक्त बेरीज लिहायची. डोळ्याच्या बाहुलीचा आकार मिलिमीटरमध्ये लिहिण्याचा रकाना जाणार आणि त्याजागी ‘नॉर्मल’ किंवा ‘अ‍ॅबनॉर्मल’ अशी खूण करायची. कॉर्नियल (डोळ्याला स्पर्श झाल्यावर पापणी मिटणं), खोकला आणि गॅग (घशाला स्पर्श झाल्यावर उबळ येणं) या रिफ्लेक्सचे, म्हणजे शरीराच्या आपोआप होणाऱ्या प्रतिसादांचे, रकाने तर चार्टवरून पूर्णच गेले आहेत. कारणं दोन दिली आहेत : नर्सिंगचा वेळ वाचेल, आणि सीटी स्कॅन आता चोवीस तास उपलब्ध आहे.

मी माझं म्हणणं आधी तोंडी मांडलं, मग लेखी दिलं. ‘निर्णय झालेला आहे’ एवढंच उत्तर आलं. दुसऱ्या रुग्णालयांत काम करणाऱ्या मैत्रिणींना विचारलं, तर कुणाकडे असा चार्ट आधीच आला आहे, कुणाकडे येऊ घातला आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. कुठल्याही रुग्णालयाचं नाव त्यात येणार नाही. ज्यांच्या घरचं माणूस कधी तरी अशा खाटेवर असू शकतं, त्यांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे.

माझ्या घरचं माणूस त्या खाटेवर होतं. माझा धाकटा भाऊ.

डोक्याला मार लागून तो एका रुग्णालयात दाखल झाला. मी तिथे काम करत नव्हते, त्यामुळे त्या रात्री मी बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांपैकी एक होते. आत त्याला ट्यूब टाकलेली होती, झोपेचं औषध चालू होतं, व्हेंटिलेटर होता. पहाटे सहाच्या सुमारास मला पाच मिनिटं आत सोडलं. हात धरण्याआधी मी त्याच्या पापण्या उघडल्या. सवयच ती. मोबाईलचा टॉर्च मारला. डावी बाहुली आकसली. उजवी मोठी होती, साधारण सहा मिलिमीटर, आणि उजेडाने जराही हलली नाही.

पुढचं सगळं वेगाने झालं. मेंदूवरचा दाब उतरवणारं मॅनिटॉल, स्कॅन, ऑपरेशन थिएटर. उजव्या बाजूचा सबड्युरल, म्हणजे मेंदूवरच्या आवरणाखालचा, रक्तस्राव वाढला होता आणि मेंदू सुजला होता. कवटीचा तुकडा काढून ठेवावा लागला. आत जाण्याआधी सर्जनने एकच प्रश्न विचारला : “बाहुली कधीपासून मोठी आहे?” कुणालाच सांगता आलं नाही. चार्टवर रात्री अकराला ‘दोन्ही ३ मिमी, रिअ‍ॅक्टिंग’ असं लिहिलेलं होतं. त्याखाली पहाटे पाचपर्यंत एक उभी रेघ ओढलेली होती. शेजारच्या रकान्यात मात्र दर तासाला नेमाने लिहिलेलं होतं : जीसीएस ३टी, ३टी, ३टी. (‘टी’ म्हणजे ट्यूब.)

भाऊ वाचला. काठी घेऊन चालतो, बोलतो, पण डाव्या हाताने शर्टाचं बटण लावता येत नाही. दोन तास आधी कळलं असतं तर तो हात वाचला असता, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. कुणीच म्हणू शकणार नाही, कारण ती बाहुली अकरानंतर दहा मिनिटांनी मोठी झाली की सहाला दहा कमी असताना, याची नोंदच नाही. रात्रीच्या त्या सिस्टरला मी दोष देत नाही. तिच्याकडे तीन व्हेंटिलेटर होते. तिला रेघ ओढावी लागली. आता तुम्ही तो रकानाच काढून टाकता आहात.

माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार बेरजेबद्दल आहे. ग्लासगो कोमा स्केल १९७४ साली ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी मांडला. डोळे उघडण्याचे चार गुण, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा. कमाल पंधरा, किमान तीन. तीनच्या खाली आकडा जातच नाही. झोपेचं औषध आणि स्नायू सैल करणारं औषध चालू असलेला, ट्यूब टाकलेला रुग्ण पहिल्या तासापासूनच तीनवर असतो. त्याची प्रकृती बिघडली तरी तीन, मेंदू खाली सरकायला लागला तरी तीन. पायरी खालची शेवटची असेल तर माणूस त्यावरून आणखी उतरला हे पायरी मोजून कळणार कसं? अशा रुग्णाच्या आत काय चाललंय हे दाखवणारी एक खिडकी उघडी राहते, ती म्हणजे बाहुली. व्हेक्युरोनियम किंवा अ‍ॅट्राक्युरियम या स्नायू सैल करणाऱ्या औषधांनी हातपाय, छाती, पापण्या सगळं थांबतं. बाहुली आकसवणारा स्नायू मात्र वेगळ्या जातीचा असल्यामुळे या औषधांना दाद देत नाही, उजेडाला प्रतिसाद देत राहतो. फेंटानिलसारख्या वेदनाशामक औषधाने बाहुल्या बारीक होतात, पण नीट टॉर्च आणि थोडा धीर असेल तर त्यांची हालचाल दिसते. म्हणजे ज्या रुग्णाकडून दुसरी कुठलीच खबर मिळत नाही, नेमक्या त्याच्याच बाबतीत तुम्ही ही एकमेव खबर ‘नॉर्मल-अ‍ॅबनॉर्मल’ अशा एका खुणेत कोंबता आहात.

हा माझ्या एकटीचा हट्ट नाही. खुद्द टीसडेल यांनी पॉल ब्रेनन आणि गॉर्डन मरे यांच्यासोबत २०१८ मध्ये बाहुलीची जोड दिलेला गुणांक मांडला. एक बाहुली प्रतिसाद देत नसेल तर जीसीएसमधून एक वजा करायचा, दोन्ही देत नसतील तर दोन. मग आकडा तीनवर अडकत नाही, एकपर्यंत उतरतो. त्याच्या आधी, २००५ मध्ये, मेयो क्लिनिकच्या ईल्को वाइडिक्स आणि सहकाऱ्यांनी ‘फोर स्कोअर’ आणला. त्यात बोलण्याचे गुणच नाहीत, कारण ट्यूब असलेला माणूस बोलणार नाही. त्याऐवजी ब्रेनस्टेमचे, म्हणजे मेंदूच्या देठाचे, रिफ्लेक्स आणि श्वासाची लय यांना गुण आहेत. डोक्याच्या दुखापतीनंतर रुग्णाचं पुढे काय होईल याचा अंदाज बांधणारं ‘इम्पॅक्ट’ हे मॉडेल २००८ मध्ये आलं. त्याच्या मूळ साच्यात तीनच गोष्टी आहेत : वय, हालचालीचे गुण आणि बाहुल्यांचा प्रतिसाद. नवा चार्ट यातल्या दोन गोष्टी पुसून टाकतो. हालचालीचे गुण बेरजेत बुडतात आणि बाहुली एका खुणेत.

बेरीज आणखी एका तऱ्हेने फसवते. जीसीएस ४ असलेला रुग्ण तीन वेगवेगळ्या वाटांनी चारवर येऊ शकतो. दुखापतींच्या नोंदींच्या एका अभ्यासात हे तपासून पाहिलं होतं. डोळे १, बोलणं १, हालचाल २ असे चार असतील तर मृत्यूचं प्रमाण ४८ टक्के होतं. १, २, १ असे असतील तर २७ टक्के, आणि २, १, १ असे असतील तर १९ टक्के. आकडा एकच. सकाळच्या राऊंडला तुम्ही ‘जीसीएस किती?’ असं विचारता आणि आम्ही ‘चार’ म्हणतो. तेवढ्याने तुम्हाला काय कळतं?

दुसरी तक्रार मिलिमीटरची. ‘अ‍ॅबनॉर्मल’ हा शब्द परिस्थिती फार पुढे गेल्यावर उपयोगी पडतो. त्याच्या आधीच्या पायऱ्या आकड्यांतच दिसतात. उजवी तीन होती, एक वाजता साडेतीन, दोनला चार आणि प्रतिसाद मंद. दोन वाजता ‘नॉर्मल’वर खूण करायची की ‘अ‍ॅबनॉर्मल’वर? नवी मुलगी ‘नॉर्मल’वर करेल, कारण बाहुली हलते आहे. आणि तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही, कारण तुम्ही तिला दोनच चौकोन दिले आहेत.

ही पायरी इतकी मोलाची का, ते इथे नीट लिहिते, कारण परिपत्रक काढणाऱ्यांपैकी काही जण रुग्णाच्या खाटेपासून बऱ्याच वर्षांपूर्वी दूर गेले आहेत. उजेडाचा संदेश दुसऱ्या क्रेनियल नर्व्हने (मेंदूतून थेट निघणाऱ्या नसेने) आत जातो, ब्रेनस्टेमच्या वरच्या भागात, मध्यमस्तिष्कात पोचतो आणि तिसऱ्या नर्व्हने परत येऊन बाहुली आकसवतो. बाहुली आकसवणारे तंतू या तिसऱ्या नर्व्हच्या बाहेरच्या अंगाला असतात. कवटी ही बंद पेटी आहे. आत रक्त साचलं किंवा सूज वाढली की मेंदूला सरकायला जागा उरते ती खालच्या बाजूला, टेंटोरियम या मोठ्या आणि लहान मेंदूमधल्या पडद्याच्या कडेवरून. टेंपोरल लोबचा (कानशिलामागच्या मेंदूचा) आतला भाग तिथून उतरू लागतो तेव्हा त्याचा दाब आधी याच बाहेरच्या तंतूंवर येतो. म्हणून बहुतेक वेळा ज्या बाजूला गाठ किंवा सूज, त्याच बाजूची बाहुली आधी मंद होते, मग मोठी होते, मग थांबते. रक्तदाब चढणं, नाडी मंदावणं, श्वासाची लय बिघडणं हा कुशिंगचा प्रतिसाद सहसा उशिरा येतो. मॉनिटरचा आवाज होईल म्हणून वाट पाहिली तर ज्या वेळात काही करता आलं असतं, तो बहुतेक संपलेला असतो.

आणि हो, प्रत्येक मोठी बाहुली म्हणजे मेंदू सरकणं नव्हे. डोळ्यालाच मार लागला असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल, अ‍ॅट्रोपिनसारखं बाहुली मोठी करणारं औषध दिलं असेल, तर बाहुली वेगळी दिसते. निरोगी माणसांतही साधारण पाचांतल्या एकाच्या बाहुल्यांत थोडा, सहसा एक मिलिमीटरपर्यंत, फरक असतो. म्हणूनच दाखल होतानाची नोंद आकड्यात हवी. पहिल्या तासाला उजवी चार आणि डावी तीन होती हे लिहिलेलं असेल तर रात्री तीन वाजता तेच दिसल्यावर कुणी घाबरणार नाही. लिहिलेलं नसेल तर एक तर उगाच धावपळ होईल, नाही तर कुणी तरी म्हणेल, ‘आधीपासूनच असेल.’ हे दुसरं वाक्य मी आजवर फार वेळा ऐकलं आहे.

तिसरी तक्रार काढून टाकलेल्या रिफ्लेक्सबद्दल. इथे मी तुमचं निम्मं म्हणणं मान्य करते. कॉर्नियल रिफ्लेक्स दर तासाला करू नये. कापसाची वात वारंवार लावून डोळ्याच्या पारदर्शक पटलाला इजा झालेली मी पाहिली आहे. तो पाळीतून एकदा करावा आणि शक्यतो सलाइनचा थेंब टाकून करावा. डोकं हलवून डोळे पाहण्याची ‘डॉल्स आय’ तपासणी तर नर्सिंगच्या चार्टवर नकोच. मानेचा मणका सुरक्षित आहे हे ठरल्याशिवाय ती कुणीही करू नये, आणि मानेला कॉलर असताना डोकं फिरवणारा हात मी एकदा धरून थांबवला आहे. कानात थंड पाणी सोडून डोळ्यांची हालचाल पाहण्याची कॅलोरिक चाचणीही डॉक्टरांचीच, कानाचा पडदा पाहिल्यानंतरची.

पण खोकला? सक्शन, म्हणजे नळीने कफ ओढून काढणं, आम्ही करतोच. नळी श्वासनळीत खाली गेली की रुग्ण खोकला की नाही, जोरात की नुसतंच हललं, हे डोळ्यांसमोर घडत असतं. ते लिहायला पाच सेकंद लागतात. तो रकाना काढून नेमका कुणाचा वेळ वाचला? बाहुली मध्यमस्तिष्काची खबर देते, कॉर्नियल त्याच्या खालच्या पॉन्सची, खोकला आणि गॅग आणखी खालच्या मेड्युलाची. नुकसान वरून खाली उतरत जातं तेव्हा हे दिवे बहुधा त्याच क्रमाने विझतात. तिन्हींची नोंद एकाखाली एक असेल तर दाब कुठवर आला आहे, ते कागदावर दिसतं.

चौथी तक्रार सीटी स्कॅनच्या कारणाबद्दल, ती थोडक्यात. स्कॅन त्या क्षणाचं चित्र देतो. रात्री नऊचा स्कॅन पहाटे तीनबद्दल काही सांगत नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला दर तासाला स्कॅनला नेता येत नाही, नेणंच त्याच्यासाठी धोक्याचं असतं. मग आता न्यायला हवं हे कोण ठरवणार? ते ठरतं टॉर्च हातात घेऊन खाटेपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या नोंदीवर. स्कॅन आला म्हणून तपासणीची गरज संपली, असं म्हणणाऱ्यांनी स्कॅनची चिठ्ठी कशाच्या आधारावर लिहिली जाते ते आठवावं.

पाचवी तक्रार चार तासांच्या अंतराबद्दल. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची डोक्याच्या दुखापतीवरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की जीसीएस १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासाने निरीक्षण करा. पंधरा झाल्यावरही दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढे चार तास दर तासाने, मग दर दोन तासांनी. म्हणजे पूर्ण शुद्धीवर आलेल्या माणसालाही ते चार तास नजरेआड होऊ देत नाहीत. त्याच तत्त्वांत डॉक्टरांना तातडीने बोलावण्याची कारणं दिली आहेत. हालचालीचे गुण दोनने किंवा अधिक घसरणं हे एक कारण, बाहुल्यांत नव्याने फरक पडणं हे दुसरं. चार तासांच्या फटीत आणि नुसत्या बेरजेच्या कागदावर ही दोन्ही कारणं कुणाला दिसणार?

सहावी तक्रार अशी की तपासणी कशी करायची, हे शिकवणंच थांबलं आहे. पहिल्या महिन्यातल्या मुलींना आणि नव्या रेसिडेंट डॉक्टरांना पाहून शिकावं लागतं, आणि पाहायला मिळतं ते असं : खोलीतला दिवा डोक्यावर लख्ख चालू, टॉर्चचे सेल उतरलेले, दोन्ही डोळ्यांवर एकदम उजेड मारून ‘रिअ‍ॅक्टिंग’ म्हणून पुढच्या खाटेकडे. दिवा मंद करायचा, आधी दोन्ही बाहुल्या न हलवता मोजायच्या, मग एकेका डोळ्यावर बाजूने उजेड आणायचा, त्या डोळ्याबरोबर दुसराही पाहायचा, मध्ये क्षणभर थांबायचं, हे कुणी उभं राहून दाखवत नाही.

वेदना देऊन प्रतिसाद पाहण्याचंही तसंच. छातीच्या हाडावर मुठीचे सांधे रगडल्याने रुग्णांच्या छातीवर काळेनिळे डाग पडतात, आणि सकाळी नातेवाईक विचारतात, ‘हे कशाने झालं?’ हे बंद व्हायला हवं. नखाजवळ बोटाच्या टोकावर दाब, खांद्यावरच्या ट्रॅपेझियस स्नायूला चिमटा, किंवा भुवईखालच्या खाचेवर दाब, हळूहळू वाढवत जास्तीत जास्त दहा सेकंद. चेहऱ्याची हाडं मोडली असतील तर भुवईपाशी दाबू नका. मणक्याला इजा असेल तर हातापायाला दिलेली वेदना वर पोचतच नाही, मग ‘हालचाल १’ लिहिणं खोटं ठरतं. डोळे सुजून बंद असतील तर ‘डोळे १’ लिहू नका, तपासता आलं नाही असं लिहा. दाब दिल्यावर हात दाबाच्या जागेकडे जातो, नुसता मागे ओढला जातो, छातीकडे आखडतो की ताठ होऊन सरळ बाहेर वळतो, हे चार वेगळे निकाल आहेत आणि त्यांच्यात आयुष्याचं अंतर असू शकतं.

हात दाबण्याबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण इथे नातेवाइकांची फार मोठी फसगत होते आणि ती आपण करतो. बेशुद्ध माणसाच्या तळहातात बोट ठेवलं की कधी कधी हात मिटतो. तो ग्रास्प रिफ्लेक्स, म्हणजे नकळत होणारी पकड, असू शकतो. आई म्हणते, ‘त्याने माझा हात दाबला.’ घाईत असलेला डॉक्टर मान डोलावतो आणि चार्टवर हालचाल ६, म्हणजे ‘सांगितलेलं ऐकतो’, अशी नोंद लागते. विचारायची गोष्ट साधी आहे. ‘हात सोड’ म्हणा. दोन बोटं दाखवायला सांगा, जीभ बाहेर काढायला सांगा. सोडलं तर ऐकलं. माझ्या भावाचा हात माझ्या हातात मिटला होता तेव्हा मीही दोन दिवस ‘सोड’ असं म्हटलं नाही. माहीत असूनही म्हटलं नाही. त्यामुळे त्या आईला काय वाटतं ते मला कळतं. पण म्हणूनच हे सांगण्याचं काम तिच्यावर किंवा माझ्यावर पडू नये. विभागाने ते वेळ काढून, खाली बसून समजावून सांगावं. त्याच्या उलट बाजूनेही अन्याय होतो. औषधांचा अंमल असताना ‘रिफ्लेक्स नाहीत’ एवढं वाक्य बाहेर जातं आणि घरचे समजतात की सगळं संपलं. मेंदू मृत झाला आहे की नाही हे ठरवण्याची पद्धत वेगळी आणि फार काटेकोर आहे. औषधांचा, थंड पडलेल्या शरीराचा, कमी रक्तदाबाचा परिणाम नाही हे तिथे आधी सिद्ध करावं लागतं. जाता जाता उच्चारलेल्या वाक्याने ते ठरत नाही.

सातवी तक्रार आमच्या शब्दाच्या किमतीबद्दल. रात्री अडीच वाजता सिस्टर फोन करते, ‘उजवी बाहुली मंद वाटते.’ पलीकडून विचारलं जातं, ‘जीसीएस किती?’ ती ‘तीन’ म्हणते. ‘मग तेवढाच आहे ना? सकाळी बघू.’ हे संभाषण काल्पनिक नाही. मी फोनच्या या टोकाला उभी राहिले आहे. त्या रात्री मी दुसऱ्या वरिष्ठांना फोन लावला, ते आले, म्हणून तो रुग्ण वेळेत थिएटरला गेला. पण पहिल्या महिन्यातली मुलगी दुसरा फोन लावत नाही. नव्या चार्टवर तर तिच्या हातात आकडाही नसेल, ‘वाटतं’ एवढंच असेल.

वेळेचं म्हणणं मला कळतं. आमची संख्या कमी आहे, हे मी तुमच्याही आधीपासून ओरडून सांगते आहे. पण बाहुल्या, हालचाल, श्वासाची लय एवढी तासाची तपासणी माझ्या हाताला चार-पाच मिनिटं घेते. तेवढी मिनिटं निघत नसतील तर एका परिचारिकेकडे खाटा जास्त आहेत. तिथे माणसं वाढवायला हवीत.

माझ्या मागण्या या आहेत.

परिपत्रक मागे घ्यावं. निदान न्यूरोसर्जन, भूलतज्ज्ञ आणि रात्रपाळीच्या परिचारिका एकत्र बसून चर्चा होईपर्यंत ते थांबवावं.

डोळे, बोलणं आणि हालचाल वेगवेगळी लिहिली जावी. ट्यूब, सूज, औषध यामुळे जे तपासता आलं नाही तिथे तसं लिहिण्याची सोय असावी. त्याला ‘१’ देऊ नये.

दोन्ही बाहुल्यांचा आकार मिलिमीटरमध्ये, आणि प्रतिसाद चटकन, मंद किंवा नाही असा, दर तासाला लिहिला जावा. अतिधोक्याच्या रुग्णांत त्याहूनही लवकर. चार्टच्या कडेलाच मोजपट्टीसारखी वर्तुळं छापावीत. बाहुली मोजणारं स्वयंचलित यंत्र, प्युपिलोमीटर, घेणं जमत असेल तर फारच चांगलं, कारण नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या बाहुलीवर दोन माणसांचं एकमत नेहमी होत नाही. जमत नसेल तर प्रत्येक खाटेला एक चालू टॉर्च द्यावा.

सक्शनच्या वेळी खोकल्याची नोंद व्हावी. कॉर्नियल पाळीतून एकदा. शेजारच्या रकान्यात झोपेचं, वेदनेचं आणि स्नायू सैल करणारं औषध किती चालू आहे ते लिहिलेलं असावं, नाही तर रिफ्लेक्सचा अर्थ लागत नाही.

पाळी बदलताना जाणारी आणि येणारी अशा दोघींनी खाटेपाशी उभं राहून बाहुल्या आणि हालचाल एकत्र पाहावी आणि दोघींच्या सह्या असाव्यात. मागच्या तासाच्या नोंदीखाली रेघ ओढण्यावर बंदी असावी.

बाहुल्यांत नवा फरक, प्रतिसाद नव्याने मंद होणं, किंवा हालचालीचे गुण दोनने घसरणं, यांपैकी काहीही दिसलं तर डॉक्टरांनी खाटेपाशी यावं असा लेखी नियम असावा. नाही आले तर परिचारिकेला थेट वरच्या डॉक्टरांना बोलावण्याचा अधिकार असावा आणि त्याबद्दल तिला नंतर कुणी जाब विचारू नये.

नव्या प्रत्येक परिचारिकेला आणि रेसिडेंटला ही तपासणी खाटेपाशी शिकवावी आणि त्यांनी ती करून दाखवल्याशिवाय एकटीने रात्रपाळी देऊ नये. शिकवायला कुणी मिळत नसेल तर मी शिकवीन, माझ्या सुट्टीच्या दिवशीही.

नवा चार्ट पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून लागू होतो आहे. त्याआधी लेखी उत्तर मिळावं अशी विनंती आहे. बैठक बोलावलीत तर रात्रपाळी संपल्यावर सकाळी मी थांबेन. भावाच्या त्या रात्रीच्या चार्टची प्रत माझ्याकडे आहे, रुग्णालयाचं नाव झाकून ती घेऊन येईन. उत्तर आलं नाही तर एक तारखेनंतरही मी माझ्या रुग्णांच्या बाहुल्या दर तासाला मोजेन आणि चार्टच्या समासात मिलिमीटर, वेळ आणि माझी सही लिहीन.

आपली,
न्यूरोसर्जरी अतिदक्षता विभागातील एक परिचारिका